गावासाठी पहिला लॅपटॉप आणि त्याची बॅटरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांतून शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी किंवा घरबसल्या कामासाठी पहिला लॅपटॉप घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक सर्वांत आधी किंमत विचारतात. किंमत महत्त्वाची आहेच, परंतु लाईन केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या घरात तो लॅपटॉप दोन वर्षांनंतरही कामाला येईल की नाही, हे बहुतांशी बॅटरीवर ठरते. म्हणून या पानावर बॅटरी मध्यभागी ठेवून उत्तरे दिली आहेत.

जाहिरातीत ‘१२ तासांपर्यंत बॅटरी’ असे लिहिलेले असते. ते खरे मानावे का?

तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या वापराचा नसतो. अशा चाचण्यांत बहुतेक वेळा स्क्रीनचा उजेड कमी ठेवलेला असतो, लॅपटॉपमध्येच साठवलेला एखादा व्हिडिओ सलग चालवलेला असतो आणि पुष्कळदा वाय-फायही बंद असते. प्रत्यक्षात विद्यार्थी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन वर्ग पाहतो, शेजारी पीडीएफ उघडी ठेवतो, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब असतात आणि दिवसाच्या उजेडात स्क्रीन दिसावी म्हणून ब्राइटनेस वाढवलेला असतो. अशा वापरात जाहिरातीतल्या तासांपैकी निम्मे ते दोन तृतीयांश तास मिळाले तर ती बॅटरी चांगली समजावी.

मग दुकानात नेमके काय विचारायचे?

‘किती तास चालतो?’ असे न विचारता ‘बॅटरी किती वॅट-तासांची आहे?’ असे विचारावे. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरील तांत्रिक माहितीत दिलेला असतो आणि बॅटरीवरही छापलेला असतो. फवारणी पंपाच्या टाकीत किती पाणी मावते हे जसे लिटरमध्ये सांगतात, तसे बॅटरीत किती वीज मावते हे वॅट-तास सांगतात. आणि नोझलमधून पाणी ज्या वेगाने बाहेर पडते, त्या जागी लॅपटॉपचा वॅटमधला वीजवापर असतो. वॅट-तासांना वॅटने भागले की तास मिळतात. वाचन, टंकलेखन आणि साधे व्हिडिओ यांसाठी चांगला लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॅट घेतो. म्हणजे ४२ वॅट-तासांची बॅटरी ७ वॅटच्या वापरात सुमारे ६ तास आणि ६० वॅट-तासांची बॅटरी साडेआठ तास चालते.

दुकानदार ‘थ्री सेल’ किंवा ‘फोर सेल’ (बॅटरीतल्या लहान घटांची संख्या) एवढेच सांगून थांबत असेल तर त्यावर समाधान मानू नये. दोन थ्री सेल बॅटऱ्यांची क्षमता वेगवेगळी असू शकते. शिवाय एकाच मॉडेलच्या नावाखाली लहान आणि मोठी बॅटरी असे दोन प्रकारही विकले जातात. म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक तपासावा. पाच मिनिटांचे हे काम पुढच्या चार वर्षांचा त्रास वाचवते.

मला किती वॅट-तासांची बॅटरी लागेल, हे कसे ठरवावे?

आधी आपला दिवस मांडून पाहावा. समजा, एखादी मुलगी सकाळच्या एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते, तिथे चार्जिंगची सोय नाही, दिवसभरात तीन तास लॅपटॉप वापरला जातो आणि संध्याकाळी घरी आल्यावर लाईन नसली तरी आणखी तीन तास अभ्यास करायचा आहे. म्हणजे तिला एका चार्जवर खरोखरचे ६ तास हवेत. ७ वॅटने हिशेब केला तर ४२ वॅट-तास पुरेसे वाटतात, आणि बहुतेक खरेदी नेमकी इथेच फसते, कारण हा हिशेब पहिल्या दिवसाच्या बॅटरीचा असतो.

लिथियम-आयन बॅटरी दर वर्षी थोडी थोडी झिजते. स्वस्त लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी ३०० ते ५०० पूर्ण चार्ज-डिस्चार्ज फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येणे सामान्य मानले जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही झीज लवकर होते. म्हणून दोन-अडीच वर्षांनी बॅटरी ७० टक्केच उरेल असे आधीच धरावे आणि लागणाऱ्या वॅट-तासांना ०.७ ने भागावे. ४२ ला ०.७ ने भागले की ६० येतात. ज्याला सहा तास हवेत त्याने ६० वॅट-तासांच्या आसपासची बॅटरी घ्यावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. बजेटमध्ये ते बसत नसेल तर ५० च्या खाली शक्यतो जाऊ नये आणि प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपचे सगळे काम करणाऱ्या मुख्य चिपची, थोडी गती सोडावी. बॅटरीवर मात्र तडजोड करू नये.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलणारच नाही, त्यांना एवढी मोठी बॅटरी लागत नाही. त्यांनी तेच पैसे रॅमवर, म्हणजे चालू कामे तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीवर, खर्च करावेत.

प्रोसेसरच्या नावावरून बॅटरीचा अंदाज येतो का?

बऱ्यापैकी येतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज घेणारा असतो. ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर तो जास्त ताकदीसाठी बनवलेला असतो आणि बॅटरी लवकर संपवतो. सध्या मध्यम किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये कोअर आय ५ १२४५०एच किंवा १३४२०एच हे प्रोसेसर येतात. ‘आय ५’ एवढेच पाहून ग्राहक खूश होतो. शेवटचे अक्षर पाहत नाही. ज्याला लाईन नसताना काम करायचे आहे, त्याच्यासाठी त्याच किमतीतला ‘यू’ प्रकारचा प्रोसेसर अधिक योग्य.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आणखी एक बारकावा आहे. चार अंकी क्रमांकातला तिसरा अंक त्या प्रोसेसरची मूळ रचना किती जुनी आहे हे सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो अंक २ आहे, म्हणजे रचना झेन २ ही जुनी. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ७६४०यू मध्ये झेन ४. दोन लॅपटॉपच्या किमतीत थोडाच फरक असेल तर तिसरा अंक मोठा असलेला घ्यावा.

२०२४ पासून बॅटरीच्या बाबतीत फार पुढे गेलेले दोन पर्याय आले आहेत : इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेतले, नावाच्या शेवटी ‘व्ही’ असलेले प्रोसेसर आणि क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्स. दोन्ही दिवसभर चालू शकतात. स्नॅपड्रॅगन घेताना मात्र सावध राहावे, कारण त्यावर विंडोज चालत असले तरी जुने प्रिंटर, डोंगलवर चालणारी जुनी मराठी सॉफ्टवेअर आणि काही परीक्षांची सॉफ्टवेअर अडू शकतात. संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यायची असेल किंवा टॅली शिकायचे असेल, तर आपल्या संस्थेत विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

इंटेलचे ‘एन’ मालिकेतले एन१०० किंवा एन२०० हे प्रोसेसर अतिशय कमी वीज घेतात आणि टंकलेखन व वाचन त्यांवर नीट होते. पण ते ज्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बसवलेले असतात त्यांची बॅटरीही बहुधा लहानच असते. तेव्हा तिथेही वॅट-तास पाहावेतच.

स्क्रीनमुळे किती फरक पडतो?

हलक्या कामात सर्वाधिक वीज स्क्रीनच घेते. पहिल्या लॅपटॉपसाठी १४ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी) आणि न चमकणारी, म्हणजे मॅट, आयपीएस प्रकारची (बाजूनेही नीट दिसणारी) स्क्रीन उत्तम. १२० किंवा १४४ हर्ट्झची स्क्रीन अभ्यासासाठी उपयोगाची नाही. ती फक्त वीज घेते. ओएलईडी स्क्रीन सिनेमाला सुंदर दिसते, पण पांढऱ्या पानावर काळी अक्षरे वाचताना ती साध्या स्क्रीनपेक्षा जास्त वीज खाऊ शकते, आणि विद्यार्थ्याचे बहुतेक काम पांढऱ्या पानावरच असते.

ओसरीत किंवा झाडाखाली बसून काम करणार असाल तर स्क्रीनचा उजेड किमान ३०० निट्स असावा. २५० निट्सच्या स्क्रीनवर दिवसा ब्राइटनेस पूर्ण ठेवावा लागतो आणि तरीही डोळे ताणावे लागतात.

गेमिंग लॅपटॉप मजबूत असतो असे म्हणतात. तो घ्यावा का?

अभियांत्रिकीच्या किंवा व्हिडिओ संपादनाच्या कामासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड खरोखर लागत असेल तरच घ्यावा. एरवी नको. तो जड असतो, त्याचा चार्जर जवळ बाळगणेही कठीण असते आणि लाईन गेल्यावर तो बहुधा सर्वांत आधी बंद पडतो.

रॅम आणि स्टोरेज किती असावे?

८ जीबी रॅम ही आजची किमान गरज आहे. १६ जीबी परवडत असेल तर घ्यावी. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, हे विचारून घ्यावे. स्टोरेज, म्हणजे फाईल साठवण्याची जागा, एसएसडीच (फिरते भाग नसलेली, चिपवरची) असावी. जुनी फिरती हार्ड डिस्क संथ असते, वीज जास्त घेते आणि एसटीच्या धक्क्यांत खराब होऊ शकते.

आमच्याकडे लाईन थोडा वेळच टिकते. तेवढ्यात चार्ज होईल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि आमच्या मते खेड्यासाठी तो तासांच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. गावठाणातल्या घरांना बऱ्यापैकी वीज मिळत असली, तरी पहिल्या वादळी पावसात तार तुटणे किंवा डीपी जळणे हे ठरलेलेच असते. शेतात राहणाऱ्या कुटुंबांचा तर कृषी वाहिनीशी संबंध येतो. तिथे दिवसा ८ किंवा रात्री १० तास, आळीपाळीने थ्री फेज वीज असे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालत आले आहे. अशा घरात लाईन आली की तासाभरात किती बॅटरी भरते हे पाहावे लागते.

कंपनीच्या माहितीत ‘रॅपिड चार्ज’ किंवा ‘फास्ट चार्ज’ असा उल्लेख शोधावा. सोबत ६५ वॅटचा चार्जर असेल तर असे लॅपटॉप साधारण एका तासात ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. ४५ वॅटच्या चार्जरला त्याहून जास्त वेळ लागतो. चार्ज होत असताना लॅपटॉप बंद ठेवला तर सगळी वीज बॅटरीकडे जाते.

दुसरी गोष्ट टाईप-सी चार्जिंगची. गोल पिनचा चार्जर उंदराने कुरतडला किंवा बसमध्ये राहिला, तर तसाच चार्जर तालुक्याच्या बाजारात मिळेलच असे नाही. टाईप-सी पॉवर डिलिव्हरीवर (टाईप-सी केबलमधून जास्त वीज देण्याच्या सामाईक पद्धतीवर) चालणाऱ्या लॅपटॉपला मात्र मित्राचा चार्जर चालतो, योग्य पॉवर बँक चालते आणि नवा चार्जरही सहज मिळतो. लॅपटॉपला टाईप-सी पोर्ट आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये; काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. ‘याच पोर्टमधून चार्ज करून दाखवा,’ असे दुकानात स्पष्ट सांगावे.

पॉवर बँक, इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेलवर लॅपटॉप चालेल का?

चालतो, पण हिशेब करून. २०,००० एमएएच पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास वीज असते. रूपांतरातली गळती वजा करता लॅपटॉपला ६० च्या आसपास मिळते, म्हणजे मध्यम बॅटरीचा लॅपटॉप जवळपास एकदा पूर्ण भरतो. ती पॉवर बँक ४५ किंवा ६५ वॅट पॉवर डिलिव्हरीची असावी लागते. मोबाईलसाठी घेतलेल्या १८ किंवा २२.५ वॅटच्या पॉवर बँकेवर बहुतेक लॅपटॉप चार्जच होत नाहीत किंवा फार हळू होतात.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. त्यातला साधारण निम्मा भाग वापरता येतो असे धरले तरी पंखा, दोन दिवे आणि लॅपटॉप यांना रात्रभर पुरेल. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असावा. स्क्वेअर वेव्हवर काही अडॅप्टर आवाज करतात आणि तापतात.

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत ज्यांच्याकडे सौर पॅनेलवर भरणारी १२ व्होल्टची बॅटरी आहे, त्यांच्यासाठी मोटारीत वापरतात तसा टाईप-सी पॉवर डिलिव्हरी कार चार्जर हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तो बॅटरीलाच जोडावा, थेट पॅनेलला कधीही नाही, कारण १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेलही भर उन्हात २० व्होल्टच्या पुढे जाते आणि ढग आला की एकदम खाली येते.

व्होल्टेज कमी-जास्त होते. लॅपटॉप जळेल का?

मूळ कंपनीचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे मंदावले तरी लॅपटॉपला त्रास होत नाही. स्टॅबिलायझरची गरज नाही. खरा धोका अचानक वाढलेल्या व्होल्टेजचा आणि विजेचा आहे. मे-जूनमधल्या वादळात ढगांचा गडगडाट ऐकू येताच अडॅप्टरची पिन बोर्डातून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते, ते मोबाईलमध्ये ठेवावे.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर बोर्डाला अर्थिंग नाही असे समजावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्याची सवय गावोगावी दिसते. ती सोडावी आणि वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. हा घरातल्या माणसांच्याही सुरक्षेचा प्रश्न आहे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीचे काय होते?

बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता, आणि आपल्याकडे ती भरपूर आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही, तर बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरण्यासाठी बनवलेले असतात. टिनाच्या छपराखालची खोली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. बॅटरीतले रासायनिक घटक उष्णतेत लवकर झिजतात, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही झीज आणखी वाढते. १०० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ४० अंशांत पडून राहिली तर तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाऊ शकते. तीच ४० टक्के भरलेली असेल तर नुकसान निम्म्याहूनही कमी होते.

म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे. दुपारी १२ ते ४ या वेळेत शक्यतो बॅटरीवर हलके काम करावे, चार्जिंग आणि व्हिडिओ एकाच वेळी करू नयेत. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. लाकडी पाटावर ठेवला तरी खालून हवा जाते. दुचाकीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या गाडीत तो दहा मिनिटेही ठेवू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर वापर होणार नसेल तर बॅटरी निम्मी भरून, लॅपटॉप पूर्ण बंद करून घरातल्या सर्वांत थंड खोलीत, मातीच्या भिंतींची असेल तर उत्तमच, ठेवावा.

कूलरविषयी वेगळे सांगावे लागेल. कूलरची खोली लॅपटॉपसाठी चांगली, पण त्याच्या ओल्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नये. आर्द्र हवा सतत आत गेली की पोर्ट आणि कीबोर्डखालचे भाग गंजतात.

घरात कापूस साठवलेला असतो. त्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि दुकानात हे कोणीही सांगत नाही. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला असला की त्याचे बारीक तंतू हवेत असतात. लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो, जाळीवर थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि पंखा अधिक वेगाने फिरून बॅटरी खातो. अशा घरात लॅपटॉप कापसाच्या खोलीत उघडू नये, काम झाल्यावर कापडी पिशवीत ठेवावा आणि दिवाळीनंतरच्या हंगामात महिन्यातून एकदा लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करावी. वर्षातून एकदा जाणकाराकडून आतला पंखा स्वच्छ करून घ्यावा.

चार्जर सतत लावून ठेवला तर चालतो का? ८० टक्क्यांची मर्यादा म्हणजे काय?

आधुनिक लॅपटॉप १०० टक्के झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबवतो, त्यामुळे तो ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. पण सतत पूर्ण भरलेली राहणे हेच बॅटरीला सोसत नाही. लेनोव्हो, असुस, डेल अशा बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लाईन बरी असेल त्या दिवसांत ती चालू ठेवावी. पावसाळी वादळाचे दिवस असतील किंवा दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर ती बंद करून बॅटरी पूर्ण भरावी. बॅटरी जपण्यासाठी अभ्यास अडवू नये.

झाकण लावून बॅगेत ठेवला तरी सकाळी बॅटरी उतरलेली असते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. आजचे विंडोज लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्ण झोपत नाहीत. मोबाईलसारखे आतून जागे राहतात, कधी कधी बॅगेतच तापतात. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर पर्यायांत जाऊन झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे अशी निवड करावी. उघडी कामे तशीच राहतात आणि बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही.

इंटरनेट मोबाईलवरूनच घेतो. त्याचा बॅटरीवर भार पडतो का?

वाय-फाय हॉटस्पॉटचा भार लॅपटॉपवर थोडा आणि मोबाईलवर जास्त पडतो. केबल लावून इंटरनेट घेतले तर मात्र मोबाईल लॅपटॉपमधून चार्ज होऊ लागतो, हे लक्षात ठेवावे. ५,००० एमएएचच्या मोबाईलची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते; ४२ वॅट-तासांच्या लॅपटॉपमधून ती भरली तर जवळपास निम्मी बॅटरी तिथेच गेली. व्याख्याने शक्य असेल तेव्हा कॉलेजात किंवा अभ्यासिकेत डाउनलोड करून ठेवावीत.

जुना, रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा का?

बजेट कमी असेल तर हा चांगला पर्याय आहे, फक्त दोन अटींवर. पहिली अट विंडोज ११ ची. विंडोज १० चा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीतच. म्हणून सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुसरी अट नव्या बॅटरीची. जुन्या बॅटरीसह घेतलेला लॅपटॉप गावात उपयोगाचा नाही. नवी बॅटरी बसवून, तिच्या हमीसह बिलावर लिहून घ्यावी.

या वर्गात लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० हा आम्हाला विशेष आवडतो. त्याला आत एक आणि मागच्या बाजूने काढता येणारी दुसरी अशा दोन बॅटऱ्या असतात, आणि बाहेरची बॅटरी ७२ वॅट-तासांचीही मिळते. लॅपटॉप चालू असताना ती बदलता येते. टाईप-सीवर चार्ज होतो, कीबोर्ड दणकट आहे. बाजारातल्या नक्कल बॅटऱ्यांपासून मात्र सावध राहावे.

वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी किती उरली आहे, हे तिथल्या तिथे कसे तपासावे?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ (/batteryreport) असे लिहून एंटर दाबावे. तयार झालेली फाईल ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यातली ‘डिझाईन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. दुसरीला पहिलीने भागून ०.८ पेक्षा कमी आले तर किंमत कमी करून मागावी, ०.६ पेक्षा कमी आले तर नवी बॅटरी मागावी. जो विक्रेता ही तपासणी करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

कोणत्या कंपनीचा घ्यावा?

गावासाठी कंपनीच्या नावापेक्षा सर्व्हिस सेंटरचे अंतर महत्त्वाचे. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि सिरोंचा तर गडचिरोलीपासूनच दोनशे किलोमीटरच्या आसपास. लॅपटॉप नेऊन द्यायचा आणि पुन्हा आणायचा म्हणजे मजुरीचे दोन दिवस आणि दोन्ही वेळचे प्रवासभाडे. त्यामुळे ‘ऑन-साइट’ वॉरंटी, म्हणजे तंत्रज्ञ घरी येण्याची सोय, आपल्या पिन कोडवर खरोखर मिळते का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला खरेदीपूर्वी फोन करून विचारावे. तीन वर्षांची वॉरंटी घेतली तरी बॅटरीची हमी पुष्कळदा एकाच वर्षाची असते. ती वाढवून मिळत असेल तर तेवढे पैसे द्यावेत, असे आमचे मत आहे. त्या मॉडेलची मूळ बॅटरी सुटी कितीला मिळते हेही विचारून ठेवावे.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून? आणि केव्हा?

किंमत ऑनलाइन पाहावी, लॅपटॉप हातात घेऊन दुकानात पाहावा. नागपुरात सीताबर्डीला किंवा अमरावती-अकोल्याच्या बाजारात एकाच दिवसात चार-पाच मॉडेल तपासता येतात. जून-जुलैत प्रवेशाच्या काळात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सवलती मिळतात. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास हाती येतात, तेव्हा बहुतेक घरांना तोच काळ सोयीचा. घाईने जूनमध्ये कर्ज काढून लहान बॅटरीचा घेण्यापेक्षा, कॉलेजचे काम पहिले काही महिने संगणक कक्षात भागत असेल, तर थांबून चांगला घ्यावा. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक तपासावा.

मॅकबुक किंवा क्रोमबुक कसे राहील?

एम मालिकेच्या प्रोसेसरचे मॅकबुक एअर बॅटरीच्या बाबतीत उत्तम आहे. त्याला पंखाच नसल्याने धूळ आणि कापूस ओढला जात नाही, पण तीव्र उन्हाळ्यात तापल्यावर ते स्वतःची गती कमी करते. टॅली आणि अनेक परीक्षांची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत, आणि दुरुस्ती महाग आहे. क्रोमबुक कमी वीज घेते आणि वाचन-लेखनाला पुरते. मात्र इंटरनेट नसताना त्याची उपयुक्तता कमी होते. वाणिज्य शाखेच्या किंवा टंकलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आम्ही दोन्ही सुचवत नाही.

नवा लॅपटॉप आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

बॅटरी एकदा १०० टक्के भरून, आपल्या नेहमीच्या कामात, नेहमीच्या ब्राइटनेसवर ती २० टक्क्यांपर्यंत किती वेळात उतरते हे वहीत लिहून ठेवावे, आणि बॅटरी रिपोर्टची एक प्रत जपून ठेवावी. पहिल्याच आठवड्यात क्षमता नव्यासारखी नसेल तर बदलून मागण्याची मुदत अजून हातात असते. वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी हाच रिपोर्ट पुन्हा काढावा, म्हणजे हमीच्या काळातच तक्रार करता येते.

बॅटरी फुगली आहे असे वाटते. वापरता येईल का?

अजिबात नाही. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट लागेनासे झाले किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. बॅटरी दाबू नये, टोचू नये, स्वतः उघडू नये. तिच्यातून आग लागू शकते. लॅपटॉप कापूस, कुटार आणि सरपण यांपासून दूर, फरशीवर किंवा मोकळ्या जागी ठेवावा. सर्व्हिस सेंटरला नेताना बसमध्ये बॅगेच्या ढिगाखाली न ठेवता मांडीवर मोकळा धरावा, आणि काढलेली बॅटरी घरी परत न आणता तिथेच ई-कचऱ्यासाठी जमा करावी.